दोन-पाच न्यायाधीश बसून कायदा रद्द करतात, मग मतदान कायले करायचं?

महालकर: वरचं वाक्य माझं नाही, सकाळी फुटाळ्यावर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर आलं आणि खाली पंधरा अंगठे. डोकं फिरलं माझं. अरे भाऊ, कायदा चांगला की वाईट हे कोर्ट बघतच नाही. त्या सभागृहाला तो करायचा अधिकार होता का आणि मूलभूत हक्कांना किंवा घटनेतल्या दुसऱ्या तरतुदीला धक्का लागतो का, एवढंच बघते, हक्कांसाठी घटनेचं कलम १३ आहेच. वरून सुरुवातच कायद्याच्या बाजूने, तो वैध आहे असं धरूनच चालतात, चूक दाखवायची ती याचिका टाकणाऱ्याने. आयटी कायद्याचं कलम ६६अ आठवा, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं की गुन्हा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन पोरींना फेसबुकसाठी उचललं, एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. ते कलम संसदेनेच केलं होतं ना? २०१५ मध्ये कोर्टाने उडवलं, कारण शब्द इतके मोघम की पोलिसाला वाटेल तो गुन्हा.

रेशीमबागवाला: वैध धरून चालतात म्हणता, मग जानेवारी २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायद्यांना स्थगिती कशी दिली? घटनेत बसतात की नाही यावर निकाल न देताच. सरन्यायाधीश आपल्या नागपूरचेच बोबडे साहेब होते, अभिमान आहेच, पण हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही.

महालकर: ते मलाही खटकलं होतं, मान्य. पण एका स्थगितीवरून कोर्टाचा अधिकारच काढून घ्या म्हणणं पटत नाही.

धंतोलीची आई: अधिकाराचं जाऊ द्या हो, उशिराचं बोला. इलेक्टोरल बॉन्डची, म्हणजे पक्षांना नाव न उघड करता देणगी द्यायची योजना २०१८ ची, रद्द झाली १५ फेब्रुवारी २०२४ ला, तोपर्यंत पैसा खर्चून मोकळे. आमच्या घरचं सांगते. २०१९, मुलगी मेडिकल पीजीच्या रांगेत, खुला प्रवर्ग. मे महिन्यात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, प्रवेश प्रक्रिया आधीच सुरू झाली होती म्हणून यंदा मराठा आरक्षण लागू नाही. आम्ही पेढे आणले. सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. आणि त्याच महिन्यात सरकारने आरक्षण यंदाच लागू करायचा अध्यादेश काढला! पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मानेवाडा_३४: ताई, तुमच्या पोरीचं दुःख दुःख आणि आमच्या पोरीचं? माझी भाची पुसदकडची, बाप तीन एकर कोरडवाहूवाला. जागा मिळाली होती, फी भरायला उसने आणले, त्या निकालाने पंधरा दिवस लटकली. पेढे वाटून राहिले होते म्हणे!

धंतोलीची आई: तुमच्या भाचीच्या वाईटावर पेढे नव्हते आणले. शब्द नीट वापरा.

रेशीमबागवाला: मुद्दा तोच आहे ना, कोर्टाने निकाल दिला आणि सरकारने फिरवला, मग निकालाला अर्थ काय?

महालकर: निकाल सरळ फिरवता येत नाही, पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया नवीन कायदा करून बदलता येतो, आणि तो नवीन कायदाही पुन्हा कोर्टात तपासला जातोच. २०१९ ला तेच झालं.

मानेवाडा_३४: आणि २०२१ ला सगळंच गेलं. हायकोर्टाने वैध म्हटलेला मराठा आरक्षणाचा कायदा, फक्त टक्के कमी करून शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ केले होते, तो सुप्रीम कोर्टाने ५ मे ला रद्द केला. कशावर, तर १९९२ ची ५० टक्क्यांची मर्यादा. आकडा घटनेत कुठे लिहिलाय दाखवा!

महालकर: घटनेत नाही, खरं आहे. नऊ न्यायाधीशांच्या निकालातून आला, आणि अपवादात्मक परिस्थिती दाखवा म्हणाले होते. २०२१ च्या पाच न्यायाधीशांना ती इथे दिसली नाही. पण पीजीचे ९ सप्टेंबर २०२० पर्यंत झालेले प्रवेश हात न लावता ठेवले, म्हणजे तुमच्या भाचीची जागा राहिली.

मानेवाडा_३४: राहिली, नाही म्हणत नाही. यवतमाळलाच डॉक्टर आहे आता. पण तिच्या धाकट्या भावाचं काय, तो त्या तारखेच्या पलीकडे पडला.

धंतोलीची आई: हेच म्हणून राहिले मी. आव्हान आलं की प्रवेशाच्या आधी निकाल द्या, हो तर हो, नाही तर नाही. मुलीने दुसऱ्या वर्षी परत परीक्षा दिली, ते वर्ष कोणत्याच निकालात परत मिळालं नाही. भाऊ, भाचीला माझे आशीर्वाद सांगा.