मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या मुलाला काळी शी

माझा मुलगा ९ वर्षांचा. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून ३ वेळा हिमोडायलिसिस. परवापासून डांबरासारखी काळी, चिकट शी होतेय. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून आधी वाटलं त्यामुळेच असेल. पण हिमोग्लोबिन ८ वरून ६.५ वर आलं आणि पोटात धस्स झालं, आतून रक्तस्राव तर होत नाही ना. दाखल केलंय, उद्या एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघणं). डॉक्टर म्हणाले, युरिया वाढला की प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पुरेशा असूनही नीट काम करत नाहीत, त्यात डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपारिन. आता डायलिसिस हेपारिनशिवाय करताहेत.

कुणाच्या लेकराचं असं झालंय का? एंडोस्कोपीला पूर्ण भूल दिली होती? रक्त चढवावं लागलं, तर त्याने शरीरात अँटिबॉडीज तयार होऊन पुढे ट्रान्सप्लांटला दाता जुळणं अवघड होतं म्हणतात. तुम्हाला तसा अनुभव आला का? सकाळपासून उपाशी आहे, सारखा पाणी मागतोय. कृपया लवकर सांगा.