क्लास, पगार, चर्चचा बाक... आपल्या घरातल्या मूर्ती कोणत्या?

वडगावशेरीकर
प्रभूमधे सलाम सगळ्यांना. आमच्या फ्रिजवर कुटुंबप्रार्थनेच्या पाळ्यांचा कागद होता, सोमवारी मी, मंगळवारी मुलगी, असं कोण शास्त्रपाठ वाचणार ते. मुलगी अकरावीत गेली, नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासचं टाइमटेबल आलं, ते मी त्याच मॅग्नेटने त्याच कागदावर लावलं. मुद्दाम नाही, जागाच तेवढी होती. परवा टाइमटेबल बदललं म्हणून काढलं तर खालचा कागद दिसला, वर्ष होत आलं. वर्षभरात रविवारची टेस्ट एकदाही बुडाली नाही आणि आम्ही उपासनेला गेलो मोजून चारदा. देव्हारा नाही म्हणजे घरात मूर्ती नाही असं मी धरून चाललो होतो. कलस्सैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, मग मार्कांचा लोभ त्यातून कसा काय सुटतो? स्पष्ट बोला.

हडपसरची सिस्टर
दादा राग मानू नका पण मला नाही पटलं. मी नर्स आहे, महिन्यातले दोन रविवार ड्यूटी असते, म्हणजे मी पगाराची पूजा करते का? पोरीने डॉक्टर व्हायचं म्हटलं तर अभ्यास लागणारच. पंडिता रमाबाईंनी 1889 ला मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, 1890 ला पुण्यात आणलं, पुढे केडगावला हिब्रू ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, शिकणं म्हणजे देवाच्या विरुद्ध असतं तर हे झालं असतं का? शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला असं प्रभू येशूच म्हणाला. पोरीच्या डोक्यावर आधीच टेन्शन, त्यात तुझा अभ्यास म्हणजे मूर्ती हे ऐकवू नका प्लीज.

नगरवाला पुण्यात
माझा वेगळाच आक्षेप आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी स्वतःच्या हाताने देव्हारा उतरवला, त्यांच्या आईने शिवलेलं देवाचं वस्त्र होतं त्यात, ते हातात घेऊन बराच वेळ बसले होते असं आजी सांगायची. भावकीने दोन वर्षं बोलणं टाकलं, विहिरीवरनं वाद झाले. मूर्ती सोडणं म्हणजे काय ते आमच्या घराला माहितीये. आता जो तो उठतो आणि मोबाईल मूर्ती, क्रिकेट मूर्ती, पुरणपोळी पण मूर्ती. एवढा जड शब्द असा कुठेही वापरला की त्याचं वजनच जातं. सवय वाईट आहे तर वाईट सवय म्हणा ना.

वडगावशेरीकर
आजोबांचं वाचून खरंच गप्प झालो. पण बायबलमधे यहेज्केल संदेष्ट्याचा 14वा अध्याय बघा, इस्राएलचे वडीलजन त्याच्यासमोर येऊन बसलेत आणि देव म्हणतो यांनी मनात मूर्ती बसवल्यात. म्हणजे शब्द मी ताणलेला नाही, शास्त्रातच तो मनापर्यंत गेलाय. आजोबांची मूर्ती डोळ्यांना दिसत होती, उतरवता आली. माझी मला वर्षभर दिसलीच नाही. आणि सिस्टर, तुमच्या ड्यूटीला कोण नाव ठेवेल? तुम्ही तिथे आजाऱ्यांची सेवा करता. मी मुलीवर बोलत नाहीये, मी माझ्यावर बोलतोय. एली याजकाला देव म्हणाला तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान जास्त ठेवतोस, ते शब्द बापाला आहेत.

कॅम्पातला जुना
घरात कशाला जाता, मंडळीतच बघा. आमच्या चर्चमधे जुने बाक बदलायचे ठरले. एका बाकावर माझ्या पणजोबांच्या नावाची पितळी पाटी, ती काढायची म्हटल्यावर मी मीटिंगमधे आवाज चढवला, तीन महिने पाळकसाहेबांशी नीट बोललो नाही, प्रभुभोजनाला पण तसाच गेलो. मग 2 राजे 18 वाचनात आला. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी साप, लोकांचे जीव वाचले त्याने, आणि पुढे लोक त्यालाच धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने फोडून टाकला. चांगली वस्तू होती, देवाने दिलेली होती. पाटी आता माझ्या कपाटात आहे आणि अजून कधी कधी काढून बघतो, खोटं कशाला बोलू.

हडपसरची सिस्टर
काका, पाटी ठेवा हो कपाटात, आठवण आहे ती. तुम्ही तिला धूप थोडीच दाखवता. अबोला धरलात ते चुकलं, त्याचा दोष पितळेला का?

नगरवाला पुण्यात
सिस्टरशी सहमत. यहेज्केलचं मान्य, पण तिथे लोक खरोखर दुसऱ्या देवांच्या मागे लागले होते हे विसरू नका. शब्द जपूनच वापरावा ह्यावर मी ठाम आहे.

वडगावशेरीकर
ठीक, जपून वापरेन, फक्त स्वतःसाठी. काल मुलीशी बोललो. ती म्हणाली पप्पा टेस्ट मला द्यायचीच आहे, पण प्रार्थना बंद करा असं मी कधी म्हटलं होतं? उत्तर नव्हतं माझ्याकडे. पाळ्यांचा कागद वर लावलाय, टाइमटेबल शेजारी टेपने. रविवारी टेस्ट 1 ला सुटते, येरवडा किंवा खडकीकडे संध्याकाळची मराठी उपासना कुठे असते का? कोणाला माहिती असेल तर वेळ सांगा.