ओला कचरा, पोळ्या आणि उद्याचं जेवण

अमेय (ए-५०३): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या खताच्या टाकीतून वास येतोय अशी ग्रुपवर तक्रार आली म्हणून झाकण उघडून बघितलं. वरचा सगळा थर पोळ्या आणि भाताचा. गच्च गोळा झालाय, आत हवाच जात नाही, मग वास येणारच. शिजलेलं अन्न थोडं असेल तर चालतं, पण त्याच्या जोडीला सुका पालापाचोळा भरपूर लागतो आणि तेवढा आपल्याकडे नाही. त्यात घुशी यायला लागल्यात. शिजलेलं अन्न जरा कमी टाका, ही विनंती.

कुलकर्णी काका (ए-१०१): संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधली अन्नाची नासाडी माणशी वर्षाला ५५ किलोच्या आसपास धरली आहे. विचार करण्यासारखं आहे.

अमेय (ए-५०३): काका, त्यात साली, कोयी, हाडंसुद्धा धरतात. आपल्या टाकीत नुसत्या साली आल्या तर मी पेढे वाटेन. येतात त्या घडी केलेल्या, तूप लावलेल्या पोळ्या.

प्राजक्ता (ए-३०१): त्यातल्या काही आमच्या असणार, सांगूनच टाकते. आमच्याकडे पोळ्यांच्या मावशी आहेत, रोज पंधरा पोळ्या ठरलेल्या. त्या सकाळी करून जातात. संध्याकाळी मुलं म्हणतात डोसा हवा, हे ऑफिसातून खाऊन येतात. पंधरातल्या सहा तशाच डब्यात.

बी-४०३: सेम 🙏

ए-२०२: आमच्याकडे बारा ठरल्यात, उरतात तीन-चार.

नीलमबेन (बी-४०४): अरे पण उरली तर काय झालं? आमच्यात तर वघारेली रोटलीसाठी मुद्दाम उरवतात. छासमध्ये तुकडे टाकायचे, राई-हिंग-लसूणचा वघार, थोडा गूळ, लाल मिरची. आठ मिनटात रात्रीचं जेवण. वर शेव.

सुनंदाकाकू (बी-१०२): नीलमबेन, आमची फोडणीची पोळी तुमच्या वघारेल्या रोटलीची बहीणच. फक्त आम्ही कोरडी करतो. प्राजक्ता, पोळ्या मिक्सरला पार भुगा करू नकोस, हातानेच कुस्कर. कांदा आणि शेंगदाणे फोडणीत चांगले परतले की पोळी घाल, ताकाचा हबका मार, झाकण ठेव. ताक नाही मारलं तर घशाला तोठरा बसतो आणि मग मुलं म्हणतात नको.

कुलकर्णी काका (ए-१०१): शिळे अन्न तामसी असते असे शास्त्रात सांगितले आहे. ताजेच खावे. थोडेच करावे म्हणजे उरणार नाही.

रुपाली (बी-२०३): काका, एक विचारू का? तुमच्याकडे उरलेलं कोण खातं?

कुलकर्णी काका (ए-१०१): आमच्याकडे फारसे उरत नाही.

कुलकर्णी काकू (ए-१०१): उरतं. मी खाते. 🙂

रुपाली (बी-२०३): 😄 तेच म्हणायचं होतं. माझ्या माहेरीही हेच. सगळ्यांना गरम पोळी, आईच्या ताटात सकाळची. कालची वाटीभर आमटी, चमचाभर भाजी, सगळं तिच्याकडे. त्यामुळे घरात "उरत नाही". उरलेल्याचं काय करायचं या चर्चेत मला एवढंच म्हणायचंय की ते एकीच्या ताटात जायला नको. त्याचं काहीतरी असं व्हावं की सगळे तेच जेवतील.

सुनंदाकाकू (बी-१०२): खरं बोललीस हो. वर्षातून एकदा शिळासप्तमीला सगळं घर आदल्या दिवशीचं जेवतं, पुरुषसुद्धा, कुणाची तक्रार नसते. बाकीचे दिवस मात्र ते बाईच्या वाट्याला.

रोहन (बी-५०१): आम्ही चौघं पोरंच राहतो, आमच्याकडे सगळेच शिळं खातात 😅 एक शंका. भात किती दिवस चालतो? आमचा कुकर रात्रभर ओट्यावरच असतो.

डॉ. मॅडम (ए-४०२): रोहन, हे करू नका. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. "सकाळी चांगला वाफवून घेतला" याला म्हणूनच अर्थ नाही. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरून लवकर निववा, तास-दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवा. एकदाच गरम करा, आणि लागेल तेवढाच काढून.

रोहन (बी-५०१): बाप रे. म्हणजे मागच्या महिन्यात आम्ही पाणीपुरीवाल्याला उगाच शिव्या दिल्या.

डॉ. मॅडम (ए-४०२): शक्य आहे. न तपासता सांगता येणार नाही.

प्राजक्ता (ए-३०१): पण डॉक्टर, आमची आजी रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायची, सकाळी ताक-कांद्याबरोबर खायचे सगळे.

डॉ. मॅडम (ए-४०२): आंबवलेल्या भाताची गोष्ट थोडी वेगळी, आंबटपणामुळे बऱ्याच जिवाणूंना आळा बसतो. तरी लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं असतील तर मी तो सल्ला देणार नाही. त्यांच्यासाठी फ्रिजच बरा.

शबाना भाभी (ए-२०४): रोज उरलेल्याचं रडगाणं का होतं माहितीय? आपण पूर्ण तयार करून ठेवतो. माझी सासू कांदा-मसाला-सालन एकदम करत नव्हती. गोश्त शिजवून ठेवायची, मसाला संध्याकाळी. दोन वेळा दोन वेगळे पदार्थ. खिमा उरला तर त्यात उकडलेला बटाटा कुस्करून कटलेट. मुलांना वाटतं नवीन केलं.

सुनंदाकाकू (बी-१०२): भाभी, तुम्ही माझ्या तोंडातलं बोललात. हे जरा सविस्तर लिहिते. टायपिंग हळू आहे, कंटाळू नका.

सुनंदाकाकू (बी-१०२): फोडणी पडली की पदार्थाचं नाव ठरतं, मग त्याला वळवणं अवघड. पालकाची लसूण घातलेली आमटी उद्या पालकाचीच आमटी राहणार, आणि ती कुणालाच नको असते. पण नुसतं हळद-हिंगाचं वरण बाजूला काढून ठेवलं तर ते उद्या काहीही होऊ शकतं. म्हणून मी कुकरला दोन वेळची डाळ एकदम लावते, दोन वाट्या. खाली डाळ, वर भात. मधल्या भांड्यात बटाटे किंवा भोपळा. एकाच गॅसवर तीन गोष्टी होतात. सोमवारी रात्री अर्ध्या वरणाला तूप-लिंबू, तेच जेवण. उरलेलं निवलं की फ्रिजमध्ये. मंगळवारी त्याची वरणफळं. बुधवारी काहीच उरत नाही.

मटकीचंही तसंच. मोड आलेली मटकी एकदाच उकडायची, नुसत्या मिठात. त्यातली अर्धी पहिल्या दिवशी कांदा-गोड्या मसाल्याची उसळ. उरलेली दुसऱ्या दिवशी कट करून मिसळ, किंवा फार कंटाळा असेल तर कांदा-टोमॅटो-लिंबू घालून नुसती कोशिंबीर.

ज्या भाजीला फोडणी देऊन झालेली आहे आणि वाटीभर उरली आहे, ती थालीपिठात. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ, बेसन, थोडी कणीक. कोबी, मेथी, दुधी, वांगंसुद्धा. उरलेला भात दोन मुठी घाल, थालीपीठ मऊ होतं. भेंडी मात्र नको, बुळबुळीत होते.

प्राजक्ता (ए-३०१): काकू वरणफळं नीट सांगा ना. आईची करून बघितली तर लगदा झाला.

सुनंदाकाकू (बी-१०२): वरण पातळ नसणार ना तुझं? फळं पाणी पितात. वरण आहे त्याच्या दीडपट तरी पाणी घाल. फोडणीत मोहरी, हिंग, मेथीचे चार दाणे, कढीपत्ता, मग गोडा मसाला, आमसूल, गूळ. खळखळ उकळी आली पाहिजे, तोवर फळं सोडायचीच नाहीत. कणीक घट्ट भिजव, तेल-हळद-मीठ घालून. पोळीसारखी लाटून शंकरपाळ्यासारखी काप. थोडी थोडी सोड, एकदम ओतलीस तर चिकटतात. आठ-दहा मिनिटं मंद गॅसवर. वर तूप.

नीलमबेन (बी-४०४): अमारी दालढोकळी! फक्त शेंगदाणे घालतो आम्ही.

ए-२०२ (नागपूरवाले): विदर्भातही वरणफळंच म्हणतात, पण लसूण आणि तिखट हवं. गूळ नको बाबा 🙏

सुनंदाकाकू (बी-१०२): गूळ हवाच.

ए-२०२ (नागपूरवाले): नको.

सेक्रेटरी: गुळाचा वाद वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्यावा.

लोर्ना आंटी (बी-३०२): मासे खाणाऱ्यांनी काहीच फेकायचं नसतं. आमच्या म्हापशाच्या घरी आदल्या दिवशीचं हुमण (माशाची आमटी, आमची 'कडी') मंद आचेवर आटवत ठेवायचे, घट्ट झालं की सकाळी पावाबरोबर. ती कालची कडी ताज्यापेक्षा चांगली लागते, कारण आमसूल आणि मसाला मुरतो. पण मासे आधी काढून ठेवायचे, नाहीतर कुस्करतात. आणि रात्री फ्रिजमध्येच हं, डॉक्टर बघतायत.

डॉ. मॅडम (ए-४०२): 👀

अमेय (ए-५०३): एक गोष्ट टाकीच्या बाजूनं सांगतो. फ्लॉवरचे दांडे आणि पानं, कोबीचा मधला गाभा, मुळ्याची पानं, कोथिंबिरीच्या काड्या हे पोत्यानं येतं. खताला छान आहे, मला तक्रार नाही. पण विकत घेतलेल्या गड्डीतलं अर्धं टाकून देतोय आपण.

कुलकर्णी काकू (ए-१०१): फ्लॉवरचे कोवळे दांडे सोलून बारीक चिरून पिठल्यात घालते मी. मुळ्याच्या पाल्याची भाजी डाळ घालून. कोथिंबिरीच्या काड्या आमटीच्या वाटणात. दोडक्याच्या शिरा तर माझ्या मुलाला भाजीपेक्षा आवडतात. तेलावर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. मिक्सरला एक फेरी.

कुलकर्णी काका (ए-१०१): ती चटणी उत्तम असते.

रुपाली (बी-२०३): काका, ती चटणी चालते आणि शिळं तामसी?

कुलकर्णी काका (ए-१०१): चटणी ताजी असते.

कुलकर्णी काकू (ए-१०१): रविवारची गुरुवारी खाता.

प्राजक्ता (ए-३०१): 😂😂 मी काय करू सांगा. आठवडाभराचा बेत लिहून फ्रिजवर लावायचा का? एकदा लावला होता, बुधवारी पाहुणे आले आणि सगळं कोलमडलं.

रुपाली (बी-२०३): सात दिवसांचा लिहूच नको. दोन-दोन दिवसांच्या जोड्या कर. आज कुकर, उद्या त्याचं काहीतरी. परवा मोकळं. पाहुणे आले तर एकच जोडी मोडते. आणि आठवड्यातला एक दिवस "फ्रिज रिकामा" असा ठेव, आमच्याकडे शुक्रवार, म्हणजे शनिवारच्या बाजाराआधी. त्या दिवशी काही नवीन चिरायचं नाही. त्या रात्रीचं ताट विचित्र असतं, पण सगळ्यांचं सारखं असतं.

शबाना भाभी (ए-२०४): आणि डब्यावर तारीख लिहा. चिकटपट्टी आणि पेन फ्रिजवरच ठेवा. आमच्याकडे काचेचेच डबे, कारण स्टीलच्या डब्यात काय आहे ते कुणी उघडून बघत नाही आणि ते मागे मागे जातं.

रोहन (बी-५०१): आमचं सांगू का? आम्ही दर रविवारी भाजी आणतो, बुधवारपर्यंत उत्साह असतो, मग बाहेरून मागवतो. भाजी सडते. त्याचाही काही उपाय?

सुनंदाकाकू (बी-१०२): पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत. मग वांगी, दोडका, भेंडी. शेवटी बटाटा, भोपळा, सुरण, कडधान्य. तुम्ही पोरं बुधवारी कंटाळता तर बुधवारसाठी कडधान्यच ठेवा, ती वाट बघतात. दही आणि शिळा भात असेल तर मोहरी-मिरचीची फोडणी देऊन दहीबुत्ती, त्याला कोण कौशल्य लागतंय. आणि फ्रिजमधला भात हं, ओट्यावरचा नाही.

प्राजक्ता (ए-३०१): पण पंधरा पोळ्यांचं राहिलंच. मावशींना कमी करायला सांगितल्या तर त्यांना वाटेल पैसे कापणार.

रुपाली (बी-२०३): मग पैसे कापू नकोस ना. काम बदल. पोळ्या दहा, आणि उरलेल्या वेळात शेंगदाणे भाजून कूट, लसूण सोलणं, कणीक घट्ट भिजवून ठेवणं, जे तुला नकोसं वाटतं ते.

प्राजक्ता (ए-३०१): विचारते.

प्राजक्ता (ए-३०१): विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी केव्हाची बघते ताई, तुमच्या डब्यात पोळ्या राहतात, पण तुम्ही मोजून मागता म्हणून करते." उद्यापासून नऊ पोळ्या, आणि वरणफळांची कणीक त्याच लाटून, कापून देणार. लाटणं-कापणं त्यांचं, फळं सोडणार मी. पगार तोच.

सुनंदाकाकू (बी-१०२): मोजून मागण्याआधी रोज सकाळी घरच्यांना विचार, रात्री कोण कोण जेवायला आहे. तुझ्या यजमानांना ग्रुपवरच विचारू का?

प्राजक्ताचे यजमान (ए-३०१): काकू, वाचतोय. उद्या घरी जेवतो. गूळ घालूनच करा.

ए-२०२ (नागपूरवाले): 😡