बीडशी दर्याकाठी तासभर गप्पा मारायला मिळाल्या, तर काय विचाराल?

थळचा_नाखवा
समजा, आठव्या शतकातला इंग्लंडचा भिक्षू बीड थळच्या पुळणीवर आला, होडीच्या सावलीत आपल्याशेजारी टेकला आणि त्याला आपली भाषा कळतेय. धर्म नको, राजे नकोत, फक्त दर्याच्या गोष्टी. काय विचाराल?

माझं ठरलंय. 725 साली त्याने कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात भरती-ओहोटीवर अख्खं प्रकरण आहे. चंद्र रोज तासाचे चार पंचमांश, म्हणजे सुमारे 48 मिनिटं, उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच मागे सरते, असं तो सांगतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीनला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. म्हणजे रोज पाऊण तास. तेराशे वर्षांपूर्वीचा त्याचा हिशोब माझ्या बाबांच्या हिशोबाला इतका लागून आहे, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण प्रश्न वेगळाच आहे. तो लिहितो, एकाच किनाऱ्यावर सगळीकडे एकाच वेळी पाणी चढत नाही. त्याच्या उत्तरेकडच्यांना भरती आधी, दक्षिणेकडच्यांना नंतर. हा माणूस सातव्या वर्षी मठात गेला आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच काढलं. मग वरच्या-खालच्या बंदरांच्या वेळा त्याला सांगितल्या कोणी? इतिहासाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने माहिती देणाऱ्यांची नावं मानाने लिहिलीत: कँटरबरीचा अल्बिनस, रोमहून जुनी पत्रं उतरवून आणणारा नोथेल्म. पाण्याच्या वेळा सांगणाऱ्यांचं मात्र नाव नाही. मी त्याला तेच विचारीन. कोण होती ती माणसं?

मिऱ्याकर
आपल्याकडे त्याच्या उलट बरं का. भरती दक्षिणेकडून वर चढत जाते, आम्हा रत्नागिरीकरांना तुमच्या आधी पाणी लागतं. तुमची पाऊणपट जशीच्या तशी इथे लावून खाडीत शिरलं तर होडी रुतायचीच. प्रत्येक बंदराचं गणित वेगळं, हे त्याने तेव्हा कागदावर आणलं याचं मला फार मोल वाटतं.
नावांचं म्हणशील तर तो ‘आम्ही किनाऱ्यावर राहणारे’ असं लिहितो. त्याचा जॅरोचा मठ टाइन नदीच्या मुखाजवळ, चिखलाच्या काठाला. त्या ‘आम्ही’त मठात मासे घेऊन येणाराही असेल ना?

सुपारीची_वाडी
मी गुहागरची. मरणाच्या आधी त्याने स्वतःची छोटी पेटी मागवली आणि आत होतं ते सोबत्यांना वाटून टाकलं: मिरी, रुमाल, धूप. 735 सालची गोष्ट. तेव्हा युरोपात मिरी जायची ती मलबारकडची, म्हणजे हाच समुद्र ओलांडून. मी त्याला सरळ वाडीत नेईन. पोफळीवर चढलेला वेल, पानाआड लोंबणारे हिरवे घोस. एक दाणा दाताखाली चावायला देईन आणि विचारीन, तुझ्या पेटीत किती उरली होती रे, आणि कोणासाठी जपली होतीस?

पेरं_मोजणारी
माझी आजी बोटांच्या पेरांवर तिथी मोजायची. बीडच्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण बोटांवर आकडे दाखवण्याचं आहे. चंद्राचं 19 वर्षांचं चक्र, म्हणजे तेवढ्या वर्षांनी अमावस्या-पौर्णिमा पुन्हा त्याच तारखांना येतात ते, तो एका हातावर बसवतो: 14 पेरं आणि 5 नखं. करून बघा, बरोबर 19 होतात. मला त्याच्याकडून ते हात हलताना बघायचेत. पुस्तकातून बोटं कळत नाहीत.

थळचा_नाखवा
मिऱ्याकर, ‘आम्ही’ लिहिलंन ते मान्य. तरी मला नावं हवीत. बाबांना पाऊणपट त्यांच्या काकाने शिकवली. तो काका कुठल्याच कागदावर नाही, हे मला टोचतं.
आणि बीड आला तर कुलाबा किल्ल्यावर नेणारच. लिंडिसफार्न बेटाबद्दल त्याने लिहिलंय, दिवसातून दोनदा पाणी वेढतं आणि दोनदा वाट मोकळी होते. आमच्या अलिबागेत तसंच. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे पाचनंतर चालत जाऊ. ज्याला यायचंय त्याने इथेच सांगा.