१५९-० नंतरची कुस्ती

कॉलेजच्या चार वर्षांत १५९ पैकी एकही कुस्ती न हरलेल्या अमेरिकन मल्ल केल सँडरसनला ऑलिंपिकचे सुवर्ण म्हणजे निव्वळ औपचारिकता होती, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाकडून १९९९ ते २००२ अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे त्याने मिळवली हे खरेच, पण अमेरिकेतली कॉलेज-कुस्ती आणि ऑलिंपिकमध्ये खेळली जाणारी फ्रीस्टाइल यांचे नियम बरेच वेगळे आहेत. कॉलेजात प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवण्यालाही किंमत असते आणि असे दाबून ठेवण्याच्या वेळेत प्रतिस्पर्ध्यावर एका मिनिटाची आघाडी राहिली की जास्तीचा गुण मिळतो. फ्रीस्टाइलमध्ये मात्र वरच्या मल्लाला डाव साधला नाही तर पंच दोघांनाही उभे करतो आणि पाठ क्षणभर जरी मॅटकडे वळली तरी गुण जातात. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या काही सवयी इथे चक्क महागात पडतात.

असे म्हणणारे विसरतात ती गोष्ट म्हणजे २००३ ची न्यूयॉर्कची जागतिक स्पर्धा. तिथे ८४ किलो गटाच्या अंतिम फेरीत रशियाच्या साजिद साजिदोवने त्याला हरवले, तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. सँडरसनचा हुकमी डाव, म्हणजे एका हाताने मान खाली ओढून दुसऱ्या हाताने घोटा उचलायचा, हा मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच चालणारा होता. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या मून उई-जेला हरवून त्याने सुवर्ण घेतले, आणि माझ्या मते १५९ विजयांपेक्षा ते अधिक कष्टाचे होते.