शेवभाजीला चालेल, भरताला नाही

डबाबंद टोमॅटो-मिरची खानदेशी स्वयंपाकात चालते का, या प्रश्नावर माझा अनुभव. बहीण टेक्सासला असते, तिकडे रोटेल या ब्रँडचा असा टोमॅटो-मिरचीचा डबा घरोघरी. तिने तो तसाच शेवभाजीत ओतला. रस्सा आंबट आणि तुकडे शिजता शिजेनात! त्यात सायट्रिक ॲसिड असतं, शिवाय तुकडे घट्ट राहावेत म्हणून कॅल्शियम क्लोराईड. तेव्हा पाणी निथळा, मिक्सरमधून फिरवा, तेल सुटेपर्यंत परता. डब्यातच मीठ असतं, वरचं मीठ शेवटी चाखून. सुक्या खोबऱ्याच्या वाटणात मग खपून जातं.

भरीत मात्र नको. आमच्या जळगावकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेलं वांगं आणि हिरव्या मिरच्या बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात, टोमॅटो त्यात पडतच नाही. आणि डब्यातली गिळगिळीत मिरची ठेचणार काय, कपाळ?