यादीत कोकण नाही, म्हणून खाडीत नत्र नाही?

कातळावरची
काल हापूसवाला यांनी इथे लिहिलं की केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या १५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सात आहेत, वर्धा-बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत, पण कोकणातला एकही नाही. तेव्हा "विहीर तपासा" म्हणणारे लोक गावाला उगाच घाबरवतात. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

यादी खरी आहे. पण ती पिण्याच्या पाण्याची यादी आहे. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा तान्ह्या बाळाच्या रक्ताचा विचार करून आली, खाडीचा नव्हे. नायट्रेट म्हणजे नत्राचंच पाण्यात विरघळणारं रूप. ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर चालू लागतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि खाली भोकाभोकांचा जांभा. घाटावर ते विहिरीत साचतं, आपल्याकडे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत उतरतं. आणि खाडीत शेवाळ माजायला ४५चा अगदी लहानसा हिस्सा पुरतो.

आमच्या विहिरीपासून ३५ फुटांवर आमचाच शोषखड्डा आहे. गावात जलजीवन मिशनच्या पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण झालं त्यात मी होते. मे महिन्यात नळीत पाणी घेतलं, पुडी टाकली, हलवलं. बघता बघता गुलाबी रंग चढला तो पट्टीवरच्या ४५च्या खुणेच्या पुढे. जुलैत तीच विहीर, तेच किट, नळी जवळजवळ पांढरी. मग ते गेलं कुठे?

हापूसवाला
ताई, कुठेही गेलं नाही. विहीर भरली, पातळ झालं. एका विहिरीवरून अख्ख्या कोकणाचं निदान करू नका.

आणि ही गाडी कुठे थांबणार ते मला ठाऊक आहे. बागायतदाराच्या दारात. आधी फवारणी, मग मोहोरासाठी घालतात ते कल्टार, आता युरिया. थ्रिप्स किडीने मोहोर जाळला, उरलेलं माकडांनी खाल्लं, तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

घाटाखालचा
पातळ होतं हे बरोबर, पण विहीर भरते तसं जुनं पाणी बाजूने बाहेरही पडतं. दोन्ही होतं. किती कुठलं, हे वर्षातून एकदा पावसाळ्याआधी घेतलेल्या नमुन्यांवरून कळणार नाही. एक व्हाळ धरायचा, उगमापासून खाडीच्या तोंडापर्यंत, आणि पहिल्या पावसापासून मोजत राहायचं. नायट्रेटमधल्या नत्राच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, ते गोणीतलं की संडासातलं याचाही बराचसा अंदाज येतो.

तोवर साधा हिशेब. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र. माणसाच्या शरीरातून वर्षाला साधारण ४ किलो बाहेर पडतं. म्हणजे पाच माणसांचं घर वर्षाला एक गोणी जमिनीत ओततं. मोठ्या हापूस कलमाला शिफारस ३ किलो युरियाची, हेक्टरी शंभर कलमं धरा, तर जवळपास सात गोण्या. त्याही पावसाच्या तोंडावर.

हापूसवाला
आला ना मुद्दा बागेवरच! शिफारस कृषी विद्यापीठाची, वेळ विद्यापीठाची, आणि गुन्हेगार मी? खत मी फेकत नाही. झाडाच्या विस्ताराखाली चर काढतो, खत घालतो, मातीने बुजवतो, वर पालापाचोळा. माझे वडील शेणखतावर बाग करायचे, कारण गोठ्यात नऊ गुरं होती. आज एक गाय ठेवायला गडी मिळत नाही.

त्या किनाऱ्यावरच्या होमस्टेंचं बघा. चार खोल्या, मे महिन्यात वीस पाहुणे, आणि संडासाची टाकी खणलेली घराच्या माणसांपुरती. तिथे गोण्या मोजा.

पुळणीवरचा
होमस्टे माझा आहे, म्हणून लिहितो. मासळी मिळेना म्हणून होडी विकली आणि खोल्या बांधल्या. बँकेने कर्ज देताना गिझर विचारला, टाकी कुणी विचारली नाही. माझी तीन कप्प्यांची पक्की सेप्टिक टँक आहे, गळत नाही. आमच्यावर खापर फोडू नका.

घाटाखालचा
दादा, टाकी उत्तम असली तरी नत्र थांबत नाही. गाळ खाली बसतो, पण वरचं पाणी अमोनिया घेऊन बाहेर पडतं आणि पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं.

पुळणीवरचा
म्हणजे मी दीड लाख घातले ते फुकट?

कातळावरची
फुकट नाही, रोगजंतू आणि गाळासाठी ती लागतेच. पण नत्रासाठी पुरत नाही. विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळलं तर उलट दाट होतं. आमच्या वाडीत बाळंतिणीला मुद्दाम उकळलेलं पाणी देतात आणि बाटलीच्या बाळाचं दूधही त्यातच कालवतात, म्हणून मी एवढी ओरडतेय.

केप कॉडकर
मी मूळचा राजापूरचा, वीस वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. इथेही हेच भांडण पाहिलं. केप कॉड म्हणजे इथलं समुद्रात घुसलेलं टोक, सगळी वाळू, घरोघरी सेप्टिक, आणि खाड्यांतलं ईलग्रास गवत मरत गेलं. लोक गोल्फच्या मैदानांना नावं ठेवत होते. पाणलोटवार मोजणी झाली तेव्हा आटोक्यात आणण्याजोग्या नत्रापैकी सुमारे ८० टक्के सेप्टिकमधून आलेलं निघालं. २०२३मध्ये राज्याने नियम बदलले: गावाने पाणलोटाचा परवाना घेऊन नत्र कमी करावं, नाहीतर घरमालकांनी टाक्या बदलाव्यात. खर्च ऐकून आमच्या गल्लीत लोक एकमेकांशी बोलेनासे झाले.

हापूसवाला
ऐंशी टक्के सेप्टिक! हे ठळक अक्षरांत लिहा कुणीतरी.

घाटाखालचा
तिथे हापूसच्या बागा नाहीत. तो आकडा इकडे चालणार नाही. आपला आकडा आपल्यालाच काढावा लागेल.

पुळणीवरचा
आणि मुंबईचं काय? वरळी-वांद्र्याला मैला नळाने समुद्रात जातो. चाकरमानी इथे येऊन आमका शिकवतत. आधी तां बंद करा.

कातळावरची
मुंबईच्या नळामुळे आमच्या खाडीतल्या कालवांच्या खडकांवर हिरवं शेवाळ चढलेलं नाही. माझी आई भरती-ओहोटी बघून कोयती घेऊन जायची, दोन तासांत टोपली भरायची. गेल्या वर्षी मी गेले, पाय घसरत होते, बोटभर जाड हिरवं. काढलेली कालवं घरी आणून फेकली, वास येत होता. याचं कारण नत्रच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणूनच मोजा म्हणतेय. गोव्यातली दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं पाणी मोजते, म्हणून तिथल्या पाण्यात ऑक्सिजन कधी घटतो ते कळतं. आमच्या व्हाळात कोण उतरलंय?

हापूसवाला
कालवांचं खरं आहे. आमच्याकडेही आता मिळत नाहीत.

ठीक. मे महिन्यात किट घेऊन या. बागेच्या वरची विहीर, बागेच्या खालची आणि व्हाळ, तिन्ही ठिकाणी माझ्यासमोर तपासा. खालच्या विहिरीत जास्त निघालं तर पुढच्या वर्षी खत दोनदा विभागून देईन, एवढं कबूल. पण त्याच दिवशी पुळणीवरची विहीरही तपासायची.

पुळणीवरचा
या. पण पाहुणे असतील, दुपारी दोननंतर या.